जुनी डिझेल पिकअप सकाळी का अडते?

टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिचा मोठा कारखाना आपल्या पिंपरीत आहे. याच कंपनीने १९८८ साली टाटामोबाईल ही डिझेल पिकअप बाजारात आणली. अशा जुन्या गाडीवर ज्याचे पोट आहे, त्याची गाडी सकाळी अडली की दिवसाची फेरी बुडते. घाईत पंप खोलला तर खिसाही रिकामा होतो. म्हणून तपासणीचा क्रम आम्ही येथे देत आहोत.

बॅटरी चांगली असल्याची खात्री करून सेल्फ मारावा व सायलेन्सरकडे पाहावे. धूर अजिबात नसेल, तर डिझेल इंजिनात पोहोचत नाही असे समजावे. टाकी व फिल्टर पाहावा, फिल्टरमधील पाणी काढावे. हातपंप मारल्यावरच गाडी सुरू होत असेल, तर बहुधा पाइपच्या जोडातून हवा शिरते आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे परतते. वॉशर बदलून, जोड आवळून हवा काढावी.

पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल पोहोचते पण जळत नाही. अशा वेळी हीटर प्लगची वायर सोडवून बॅटरीचे धन टोक व प्लग यांमध्ये टेस्ट लॅम्प लावावा. दिवा लागला नाही, तर प्लग जळालेला आहे. प्लग ठीक असल्यास कॉम्प्रेशन व टायमिंग तपासून घ्यावे.

पंप खोलण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी. कमी खर्चाची तपासणी आधी, हाच कष्टाचा पैसा वाचविण्याचा मार्ग होय.