पाच रात्री जागणारे यंत्र

समजा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्हाला एक मिनिटाचा चित्रपट करायचा आहे. विषय आहे, लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार कसे घडले. डोंगर, लाव्हा, धूर हे सारे तुम्ही ‘ब्लेंडर’ या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत रचले. आता संगणकाने त्यावरून चित्रे तयार करायची. या कामाला रेंडरिंग म्हणतात. ते किती मोठे आहे, याचा आधी हिशेब करू.

पडद्यावर सेकंदाला 24 चित्रे सरकतात. म्हणजे मिनिटाची 1,440 चित्रे झाली. एका चित्रात 1,920 × 1,080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. ठिपक्याचा रंग ठरवण्यासाठी संगणक प्रकाशकिरणांचा माग उलट दिशेने, कॅमेऱ्याकडून वस्तूकडे, काढत जातो. ठिपक्यामागे 256 किरण धरले, तर एका चित्राला सुमारे 53 कोटी किरण लागतात! एका चित्राला 5 मिनिटे लागली, तर सगळ्यांना 120 तास लागतील. पाच दिवस आणि पाच रात्री यंत्र अखंड चालले पाहिजे. प्रदर्शन सोमवारी आहे आणि शनिवारी रात्री, सगळे झोपलेले असताना, यंत्र अडकले तर?

असे यंत्र घरी जुळवताना बहुतेक जण आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पाहतात. आकडेमोड तेच करतात, हे खरे. पण हे भाग ज्या पटावर बसतात, तो मदरबोर्ड ठरवतो की त्यांना माहिती किती वेगाने पोचेल, स्मृती किती बसेल आणि यंत्र किती दिवस न अडखळता चालेल.

पुण्याने शिकवलेला धडा

पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली तिने ‘परम 8000’ हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप वापरल्या होत्या. शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी प्रत्येकीला चार जोडण्या असत. यंत्राचे बळ कोणा एका चिपमध्ये नव्हते. ते होते अनेकींनी काम वाटून घेण्यात आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांत. पुढे पुण्यातच टाटा समूहाने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या जागतिक यादीत चौथा आला. तोही बाजारात मिळणारे सर्व्हरचे भाग जोडूनच बनवला होता.

रेंडरिंग हे वाटून घेण्याजोगे काम आहे. धुराची हालचाल आधी मोजून ठेवली, की दहाव्या चित्राला नवव्याची वाट पाहावी लागत नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अनेक शिक्षकांनी वाटून घ्यावा, तसेच हे.

सर्व्हरच्या पटावर वेगळे काय?

पहिली गोष्ट चूक दुरुस्त करणारी स्मृती, म्हणजे ईसीसी. तिच्यामागे एक गमतीदार हकिकत आहे. 1947 च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाला संगणक फक्त शनिवार-रविवारी मिळे. यंत्र एकटेच चालत राही. चूक आढळली, की ते हातचे काम सोडून पुढचे घेई. सोमवारी येऊन पाहावे, तर काम तसेच पडलेले! हॅमिंग वैतागला. चूक झाल्याचे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे शोधून त्याने दुरुस्त का करू नये? यातून निघालेली रीत त्याने 1950 साली प्रसिद्ध केली. आजही नेहमीच्या ईसीसी पद्धतीत 64 बिटांमागे 8 जादा बिट ठेवतात. एक बिट उलटला तर तो दुरुस्त होतो आणि दोन उलटले तर निदान कळते. तुमच्या पाच रात्रींची अडचण हॅमिंगचीच नव्हे काय?

दुसरी गोष्ट देखरेखीची. अशा बहुतेक पटांवर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य यंत्र अडकले, तरी तापमान पाहणे आणि यंत्र पुन्हा सुरू करणे घरातल्या दुसऱ्या संगणकावरून जमते.

तिसरी गोष्ट स्मृतीची. एकाच वेळी चार चित्रे काढायची आणि प्रत्येकाला 12 गिगाबाइट लागतात, तर 48 झाली. सर्व्हरच्या पटावर स्मृतिपट्ट्यांच्या खाचा अधिक असतात. मात्र पट्ट्या पटाला चालणाऱ्या जातीच्याच घ्या. ‘रजिस्टर्ड’ आणि ‘अनबफर्ड’ पट्ट्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. आणखी एक ध्यानात असू द्या. ग्राफिक्स कार्डावर रेंडरिंग करायचे, तर दृश्य कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत मावायला हवे. पटावरची स्मृती तिची जागा पुरेपूर भरून काढत नाही.

मोठा पट म्हणजे चांगला पट?

तसे मुळीच नाही. सर्व्हरचे पट जोराच्या वाऱ्यात राहायला घडवलेले असतात. लहान पेटीत, पुण्याच्या मे महिन्यात, त्यांच्यावरच्या चिप तापतात. 400 वॉटचे यंत्र दिवसाला 9.6 युनिट वीज घेते. पाच दिवसांची 48 युनिटे झाली आणि जवळजवळ ही सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते! दोन प्रोसेसरांचा जुना पट स्वस्त मिळाला, तरी विजेचे बिल ती बचत खाऊन टाकू शकते.

म्हणून छोट्या यंत्रासाठी एका प्रोसेसरचा, 24.4 सेंटिमीटर चौरस, मायक्रो-एटीएक्स मापाचा, ईसीसी चालणारा पट हा बहुधा योग्य मध्य ठरतो. 17 सेंटिमीटरचा मिनी-आयटीएक्स त्याहून सुटसुटीत आहे खरा, पण त्यावर कार्डासाठी एकच खाच असते. निवड करताना क्रम असा ठेवा : आधी काम, मग स्मृती, मग पेटी आणि वारा, आणि शेवटी पट.

करून पाहा

तुमच्या घरच्या संगणकावर एखाद्या दृश्याचे एकच चित्र रेंडर करा. लागलेली मिनिटे आणि वापरलेली स्मृती वहीत टिपा. मिनिटांना 1,440 ने गुणा. उत्तर एका रात्रीत बसत असेल, तर नवा पट घेऊच नका! बसत नसेल, तर प्रत्येक चित्र वेगळे साठवायची सवय लावा. मग वीज गेली, तरी जाईल ते एकच चित्र.