पंचाने गावचा ठेका घेऊ नये

गावात गटार बांधायचे आहे. पंचायतीची सभा भरली. काम कोणाला द्यावे, असा प्रश्न निघाला. एक पंच उठून म्हणाला, "काम मीच करतो. सिमेंट, वाळू, मजुरी, सगळे माझ्याकडे लागले. बाहेरच्या ठेकेदारापेक्षा पाच हजार कमी घेईन." सगळ्यांनी माना डोलावल्या. गावचा पैसा वाचला, असे सर्वांना वाटले.

आता सांगा बरे, यात वाईट काय झाले? पंच चोर नाही. उलट भाव कमीच सांगतो आहे. तरीही हे काम त्याला घेता येत नाही. घेतले तर त्याचे पंचपद जाऊ शकते.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा कायदा 1958 साली झाला. त्याचे 14 वे कलम पंच कोणाला होता येत नाही, हे सांगते. पंचायतीच्या हुकमाने चाललेल्या कामात किंवा पंचायतीच्या ठेक्यात ज्याचा वाटा आहे, त्याला पंच राहता येत नाही. वाटा स्वतःचा असो, भागीदारामार्फत असो, उघड असो की आडून असो. पंचायतीची नोकरीही त्याला करता येत नाही. सोसायटीचा शेअर घेतला, एवढ्यावरून मात्र कोणी अपात्र ठरत नाही. तेव्हा उगाच घाबरू नये.

हा नियम का केला असेल? गटाराकडेच पाहा. वाळू चांगली आहे की मातीची, हे कोणी पाहायचे? पंचांनी. सिमेंट पुरेसे पडले का? तेही पंचांनीच पाहायचे. बिल मंजूर कोण करणार? पंचच. आणि वाळू टाकणाराही पंच! मग "ही वाळू नको, परत ने," असे कोण कोणाला म्हणणार? मापारी आणि विकणारा एकच झाला, की गिऱ्हाइकाने कोणाकडे पाहावे?

आमचीच एक गोष्ट सांगतो. आम्ही हेडमास्तर असताना शाळेला बाके करायची होती. आमच्या मेहुण्याची लाकडाची वखार होती. भाव रास्त होता, म्हणून काम त्याला दिले. एक पैसा आम्ही खाल्ला नाही. पण पावसाळा आला आणि बाकांचे पाय हलू लागले. लाकूड ओले निघाले. दुसरा कोणी असता, तर त्याला आम्ही त्याच दिवशी बोलावून घेतले असते. मेहुण्याला बोलायला आम्हाला दोन महिने लागले. घरात शब्द वाढेल, बायकोला वाईट वाटेल, असे मनात येई. तोवर चौथीची पोरे जमिनीवर बसली. लोकांना आमच्याबद्दल काय वाटले, ते त्यांनी तोंडावर सांगितले नाही. पण आम्हाला ते कळत होते.

आता बायामाणसांनी हे नीट ऐकावे. आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. बाई निवडून येते. ठेका नवरा घेतो. "तू फक्त सही कर," म्हणतो. त्या ठेक्याच्या पैशात बाईचा वाटा आहे, असे चौकशीत ठरले तर पद जाते ते बाईचे. नवऱ्याचे काय जाते? सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचेही तसेच. 2018 साली सुप्रीम कोर्टाने आपल्या राज्यातल्या एका खटल्यात निकाल दिला. घरच्या माणसांनी केलेल्या अतिक्रमणात पंच राहत असेल, तर पंचाचे पद राहत नाही. "ते मी नाही केले, सासऱ्यांनी केले," हे सांगणे चालत नाही.

पंच अपात्र आहे की नाही, हे गावाने पारावर बसून ठरवायचे नसते. अर्ज कलेक्टरकडे करायचा. दोन्ही बाजू ऐकून कलेक्टर ठरवतात. गावात भांडण असले, की खोटे अर्जही पडतात. म्हणून कागद हवा. नुसती कुजबुज कामाची नाही.

पंचायतीचे नोकरही या बंधनातून सुटलेले नाहीत. ग्रामसेवक (2024 साली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी हे नवे नाव मिळाले) हे जिल्हा परिषदेचे नोकर. त्यांच्या वागणुकीचे नियम 1967 सालचे आहेत. ज्यांची कामे आपल्या टेबलावर येतात, त्यांच्याकडून भेटी घेऊ नयेत, ही त्यातली मोठी गोष्ट. दाखल्यासाठी कोणी "चहापाणी" मागितले, तर ती लाच झाली. चहाला तेवढे पैसे लागत नाहीत, हे तुम्हीही जाणता! पण 2018 पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. अडवून, जबरदस्तीने घेतली असेल, तर देणाऱ्याने सात दिवसांच्या आत कळवले पाहिजे. मग तो सुटतो. देण्याआधीच कळवले तर फारच उत्तम. लाचलुचपत खात्याचा फोन 1064 आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

गटाराला किती खर्च झाला, ठेका कोणाला दिला, हे ग्रामसभेत विचारता येते. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तिथे उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक पंचबाई येत असत. आधी अंगठा करीत. पुढे सही शिकल्या. एकदा सभेत त्यांच्यापुढे ठरावाची वही आली. "इथे सही करा," म्हणून कोणी बोट ठेवले. बाई वाचू लागल्या. बोट ठेवून, एकेक अक्षर. सभा खोळंबली. एकजण म्हणाला, "बाई, उशीर होतोय." बाई म्हणाल्या, "होऊ द्या." ठराव अर्ध्या पानावर संपला होता आणि सहीची जागा पानाच्या तळाशी होती. मधली जागा कोरी. बाईंनी पेन मागितला, कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारली आणि रेघेच्या खाली सही केली.