आषाढीचा उपवास आणि मूत्रपिंडाचा रुग्ण

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपण थट्टेने उच्चारतो. परंतु ज्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होऊन ज्यांचे जीवन डायालिसिसवर चालले आहे, त्यांच्या घरी ती थट्टा राहत नाही. आमच्या वडीलबंधूंचे डायालिसिसचे वार सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. २०२२ सालची आषाढी आली रविवारी, म्हणजे आठवड्यातील लांब खंडाच्या अखेरीस. चाळीस वर्षांचे व्रत मोडू नये म्हणून त्यांनी दाण्याच्या कुटाची खिचडी, उकडलेली रताळी, दोन केळी व एक शहाळे एवढाच 'हलका' फराळ केला. रात्री पायांतील बळ गेले, नाडी मंदावली. रक्तातील पोटॅशियम ७.४ भरले, निरोगी माणसात ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असते. मध्यरात्रीच यंत्र लावावे लागले.

त्यानंतर फराळाच्या ताटाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. रताळे, बटाटा, केळे, खजूर, शेंगदाणे, शहाळ्याचे पाणी हे सारे पोटॅशियमने समृद्ध. निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकते; येथे ते पुढील डायालिसिसपर्यंत साचत राहते आणि हृदयाची लय बिघडवते. सैंधव उपवासाला चालते खरे, पण तेही मीठच. त्याने तहान वाढते, आणि प्यालेले प्रत्येक लिटर पाणी अंगात एक किलो वजन होऊन बसते. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात तर पुष्कळदा पोटॅशियमच घातलेले असते. मग निराहार राहावे काय? तेही नाही. उपाशीपोटी शरीरातील इन्सुलिन उतरते आणि पेशींतील पोटॅशियम रक्तात येऊ लागते. हे ऐकून आम्हीही चकित झालो होतो.

पाणी, मुळे, फळे, दूध यांसह आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही, असे जुने व्रतवचन आहे. दैवाची गंमत अशी की, यांतील पहिल्या चारींनाच बंधूंच्या पथ्यात मोजमाप लागते! मात्र त्याच आठांत गुरूचे वचन आणि औषध हीही आहेत. बंधूंनी डॉक्टरांनाच गुरुस्थानी मानून प्रश्न सोडविला.

आता एकादशी असो वा दिवाळी, डायालिसिसचा वार चुकत नाही. वहिनी साबुदाणा दाण्यांवाचून, तूप-जिऱ्यावर परततात. बटाट्याच्या चार फोडी घालायच्याच झाल्या तर त्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळतात व ते पाणी फेकून देतात. डायालिसिसमध्ये प्रथिनांचा काही अंश वाहून जातो, म्हणून ठरवून दिलेले ताजे पनीर आणि त्यासोबत फॉस्फरस अडविणारी गोळी. ही मापे बंधूंची. प्रत्येकाची त्याच्या रक्ततपासणीवरून ठरतात. तीर्थही दिवसाच्या पाण्यात मोजले जाते, चमचाभरच.

देवळातील गर्दीत बंधू डावा हात जपतात; त्यात फिस्टुला आहे. त्या हाताने ओझे उचलायचे नाही, त्यावर रक्तदाबाची पट्टी बांधू द्यायची नाही. पहाटे उठल्यावर त्याची थरथर ते प्रथम बोटांनी चाचपतात, आणि मग बुक्का लावतात.