घड्याळाच्या पट्ट्याचे माप

लोकलच्या गर्दीत मनगटावरचे घड्याळ निसटून पडते, तेव्हा दोष बहुधा पट्ट्याचा किंवा त्याच्या पिनेचा असतो. अंधेरी, घाटकोपर यांसारख्या स्टेशनांबाहेर घड्याळजी पट्टा लावून पाहतो आणि योग्य तो बसवून देतो. पण घरबसल्या पट्टा मागवायचा, तर माप आपल्यालाच कळवावे लागते. ते कोणते?

घड्याळाच्या डबीला वर दोन आणि खाली दोन असे कान असतात. दोन कानांमध्ये स्प्रिंगची पिन बसते व तिच्यात पट्टा ओवलेला असतो. या कानांमधले आतले अंतर म्हणजे पट्ट्याची रुंदी. डबीचा व्यास इथे कामाचा नाही. जुना पट्टाही फसवतो, कारण तो बकलाकडे निमुळता होतो आणि त्याच्या कडा झिजतात.

नेहमीची मापे १८, २०, २२ मिलिमीटर अशी असतात; १९ चाही पट्टा मिळतो. म्हणजे मापांतला लहानात लहान फरक १ मिमी धरला, तर आपली चूक अर्ध्या मिलिमीटरहून कमी हवी. साधी पट्टी कानांमध्ये नीट शिरत नाही, आणि डोळा तिरका असला की वाचन बदलते. २० ऐवजी १९ चा पट्टा आणला, तर तो पिनेवर सरकत राहतो. २१ चा आणला, तर कडा चेपतात. म्हणून शाळेतला व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. त्याचे वरचे लहान जबडे आतले अंतर मोजण्यासाठीच असतात. त्याचे लघुतम माप ०.१ मिमी. वाचन १८.१ आले, तर १८ चा पट्टा घ्यावा. याहून सूक्ष्म उपकरणाची इथे गरज नाही.

आता लांबी. मनगटाभोवती दोरा गुंडाळून मोजला, तरी ते माप अपुरे पडते. पट्टा ३ मिमी जाड असेल, तर त्याची मध्यरेषा त्वचेपासून १.५ मिमी दूर राहते. त्यामुळे परीघ २ × ३.१४ × १.५, म्हणजे सुमारे ९.४ मिमीने वाढतो. मनगट लंबगोल असले तरी वाढ तेवढीच, कारण एका फेरीत वळण ३६० अंशांचेच असते. या बेरजेतून वरच्या पिनेपासून खालच्या पिनेपर्यंतचे अंतर वजा केले, की पट्ट्याला लागणारी लांबी मिळते.

विद्यार्थ्यांना डब्याभोवती आधी दोरा व मग जाड पट्टा गुंडाळायला सांगावे. दोन्हींच्या लांबीतला फरक मोजताना त्यांना सूत्राचा अर्थ कळेल. आणि मोजमाप किती अचूक हवे, हे उपकरण नव्हे तर काम ठरवते, हेही त्यांच्या लक्षात येईल.