नाटक गावासाठी की गावाचे?

आदिवासी भागात काम करणाऱ्या बहुतेक संस्था आज पथनाट्य करतात. कुपोषण, बालविवाह, दारू, लसीकरण असा एखादा विषय ठरतो. चार-सहा कार्यकर्ते ढोलकी घेऊन पाड्यावर जातात, वीस मिनिटांचा खेळ होतो, लोक हसतात, टाळ्या वाजवतात आणि अहवालात फोटो लागतो. सहा महिन्यांनी त्याच पाड्यावर गेलो तर फारसे काही बदललेले नसते. असे का होते हे समजून घेताना मला आफ्रिकेतील काही जुने प्रयोग फार उपयोगी वाटले. त्यांतील एकाविषयी या अंकात सविस्तर लिहीत आहे. बाकीच्या दोहोंचा ओझरता उल्लेख पुरे.

बोत्सवाना हा गुरे पाळणाऱ्या लोकांचा देश. १९७४ साली तेथील उत्तर भागात प्रौढशिक्षणाचे काम करणाऱ्यांनी ‘लाएद्झा बातानानी’ नावाची मोहीम सुरू केली. नावाचा अर्थ साधारण असा, की उजाडले आहे, आता सगळे एकत्र या. पथक गावोगाव फिरे. छोटी नाटके, बाहुल्यांचा खेळ, गाणी, ढोल आणि खेळ संपला की लोकांचे गट पाडून चर्चा. गुरांची चोरी, दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत गेलेले पुरुष आणि मागे राहिलेली कुटुंबे, असे विषय असत. ही पद्धत शेजारच्या देशांतही गेली. पण ज्या रॉस किड आणि मार्टिन बायरम यांचा ती उभारण्यात मोठा वाटा होता, त्यांनीच १९८२ मध्ये एका लेखात तिची कठोर चिकित्सा केली. लोकसहभागाचे नाव होते, पण नाटक रचणारे आणि करणारे बहुतांशी सरकारी विस्तार कर्मचारीच होते. पुढे पुढे विषयही स्वच्छता आणि आजारपण एवढ्यापुरते उरले, आणि तुमच्या दुःखाला तुमच्याच सवयी कारणीभूत आहेत, असा सूर लागला. स्वतःच्या कामाविषयी इतके स्पष्ट लिहिणारे कार्यकर्ते मी तरी थोडेच पाहिले आहेत.

टांझानियाने १९७३ मध्ये रेडिओ वापरला. ‘म्तू नी आफ्या’ ही बारा आठवड्यांची आरोग्य मोहीम होती. सुमारे २० लाख प्रौढ माणसे गटागटाने बसून कार्यक्रम ऐकत, पुस्तिका वाचत, चर्चा करत आणि मग शौचखड्डे खणणे, पाण्याची जागा स्वच्छ करणे अशी कामे हाती घेत. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे स्वतः शिक्षक आणि श्रद्धावान कॅथलिक. मोहिमेचा परिणाम मोठा झाला हे खरे, तरी काय ऐकायचे हे राजधानीतच ठरत होते.

आता केनियाकडे वळू. नैरोबीजवळ लिमुरू भागात कामिरिथू नावाचे गाव आहे. १९५० च्या दशकात माऊ माऊ बंडाच्या वेळी इंग्रज सरकारने विखुरलेल्या कुटुंबांना बळजबरीने एकत्र आणून जी गावे वसवली, त्यांतील हे एक. स्वातंत्र्यानंतरही येथील लोक चहाच्या मळ्यांत, बाटाच्या बूट कारखान्यात मजुरी करत किंवा बेकार असत. १९७६ साली गावातील एक बाई न्गुगी वा थिओंगो यांच्या घरी आल्या. न्गुगी त्या वेळी नैरोबी विद्यापीठात साहित्य विभागाचे प्रमुख आणि इंग्रजीतून लिहिणारे नामवंत कादंबरीकार होते. तुमच्या शिक्षणाचा गावाला काही उपयोग होऊ द्या, एवढेच त्या बाईंचे मागणे होते. एकदा सांगून काम झाले नाही, म्हणून त्या पुनःपुन्हा येत राहिल्या.

गावात केंद्र उभे राहिले. सुरुवात साक्षरता वर्गापासून झाली आणि वर्ग गिकुयू या लोकांच्या भाषेत होता. ज्यांच्या शाळेत गिकुयू बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई, त्या न्गुगींसाठी ही साधी गोष्ट नव्हती. वाचायला आलेल्यांना पुढे काय द्यायचे? त्यातून नाटक निघाले. न्गुगी आणि त्यांचे सहकारी न्गुगी वा मिरी यांनी आराखडा लिहिला. नाव ‘न्गाहिका न्देंदा’, म्हणजे ‘माझ्या मनाला येईल तेव्हा लग्न करीन’.

खरे काम संहिता गावात वाचली गेल्यावर सुरू झाले. तालमी उघड्यावर होत, कोणीही येऊन बसे आणि बोले. म्हातारा माणूस असे बोलत नाही, असे म्हणत वृद्धांनी प्राध्यापकांची भाषा सुधारली. जुनी गाणी म्हाताऱ्या बायांनी दिली. कारखान्यातील काम कसे चालते हे तिथल्या मजुरांनी सांगितले. बंडात बंदुका बनवलेल्या माणसांनी त्या कशा बनवत ते दाखवले. दोन हजारांहून अधिक माणसे बसतील असे उघडे नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतः बांधले. त्याचा नमुना कोण्या अभियंत्याने केला नव्हता. एका कार्यालयात शिपाई असलेल्या गावातील माणसाने तो काड्यापेटीच्या काड्यांनी करून दाखवला होता. पहिला खेळ २ ऑक्टोबर १९७७, रविवारी झाला आणि दूरदूरच्या गावांतून माणसे आली.

नाटकाची गोष्ट आपल्या वाचकांना थोडी बोचेल, म्हणून ती टाळत नाही. किगूंडा हा मजूर. त्याची दीड एकर जमीन आहे आणि तिचा कागद त्याने घरात भिंतीवर लावून ठेवला आहे. त्याचा मालक कियोई श्रीमंत आहे आणि मोठा ख्रिस्ती म्हणून मिरवतो. कियोई आणि त्याची बायको किगूंडाच्या घरी येऊन सांगतात, तुमचा विवाह चर्चमध्ये झालेला नाही, तुम्ही पापात राहता. आपली मुलगी कियोईच्या मुलाला दिली जाईल या आशेने किगूंडा आणि त्याची बायको वान्गेची चर्चविवाहाला तयार होतात. खर्चासाठी जमिनीचा कागद बँकेत गहाण पडतो. मुलगी फसवली जाते, किगूंडाची नोकरी जाते आणि शेवटी जमीनही कियोईच्या घशात जाते.

मी हे नाटक इंग्रजी अनुवादातून वाचले तेव्हा अस्वस्थ झालो. न्गुगी मिशनच्या शाळेत शिकले, त्यांचे नाव एके काळी जेम्स होते. १९७० साली प्रेस्बिटेरियन चर्चच्या सभेपुढे भाषण करताना त्यांनी आपण ख्रिस्ती नसल्याचे सांगितले, आणि पुढे ते नावही सोडले. माझ्या मते नाटकातली मंडळी एकतर्फी रंगवली आहे. त्याच केनियात टिमोथी न्जोया यांच्यासारख्या पाळकांनी पुढे व्यासपीठावरून सत्ताधाऱ्यांना खडसावले. तरीही वचन तोंडात आणि डोळा दुसऱ्याच्या जमिनीवर, असा माणूस आपण कधी पाहिलाच नाही, असे मी म्हणू शकत नाही. कामिरिथूच्या लोकांनी तो पाहिला होता आणि त्यांना तोच रंगमंचावर हवा होता. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले हे आपण दर वर्षी शिकवतो. लोक आपापल्या भाषेत बोलू लागले की आपल्याविषयीही बोलतील, हे मात्र क्वचितच शिकवतो.

१६ नोव्हेंबर १९७७ रोजी सरकारने खेळाचा परवाना काढून घेतला. ३१ डिसेंबरला न्गुगींना अटक झाली आणि खटला न चालवता सुमारे वर्षभर त्यांना कामिती तुरुंगात ठेवले गेले. तेथे त्यांनी शौचालयाच्या कागदावर आपली पहिली गिकुयू कादंबरी लिहिली. १९८२ मध्ये गावाच्या दुसऱ्या नाटकावरही बंदी आली आणि पोलिसांनी ते नाट्यगृह जमीनदोस्त केले. इंग्रजीतील कादंबऱ्यांसाठी सरकारने त्यांना तुरुंगात टाकले नव्हते. मजुरांनी मजुरांच्या भाषेत केलेले नाटक त्याला सहन झाले नाही. न्गुगी वा मिरी यांना देश सोडावा लागला. ते झिम्बाब्वेत गेले आणि तेथे गावोगावच्या नाट्यगटांची संघटना उभी करण्यात त्यांनी पुढची वर्षे घालवली.

लोककलेतून लोकांशी बोलणे आपल्या मंडळीला नवीन नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी कीर्तनाचा केलेला उपयोग सर्वांना माहीत आहे. पण कीर्तनकार एकटा उभा असतो आणि ऐकणारे बसलेले असतात. कामिरिथूची वाट निराळी आहे. तिचा पहिला टप्पा आपल्याला खर्चाशिवाय करून पाहता येईल. संहिता अर्धीच लिहावी, तालीम कार्यालयात न घेता पाड्यावर संध्याकाळी घ्यावी, वारली किंवा कोकणा बोलीतले संवाद तिथल्या बायांनाच दुरुस्त करू द्यावेत आणि भूमिकाही त्यांनाच द्याव्यात. विषयसुद्धा त्यांनी निवडला तर अडचण आपली होईल. त्यांना लसीकरणाऐवजी वनहक्काचा रखडलेला दावा, रेशनचे धान्य किंवा वीटभट्टीच्या मुकादमाची उचल यांवर नाटक हवे असेल. तेव्हा आरोग्य जनजागृतीसाठी आलेल्या निधीचा अहवाल कसा लिहायचा, हे पुढच्या बैठकीत देणगीदारांशी बोलून आधीच ठरवून घ्यावे लागेल.