दूरच्या दप्तराशी देवघेव

आपल्या संगणकावर तयार झालेला मजकूर जगापुढे ठेवायचा, तर तो घरच्या यंत्रातून उचलून कोठेतरी दूर, अहोरात्र चालू असलेल्या सर्व्हरवर नेऊन ठेवणे प्राप्त असते. आणि संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या ग्रंथपालापासून दिवाळी अंकाची जालावरची आवृत्ती काढणाऱ्या संपादकापर्यंत ज्या कोणाच्या गळ्यात हे काम पडते, त्याची पहिल्याच दिवशी ‘एफटीपी’ या प्रकरणाशी गाठ पडते.

संगणकाच्या कालमानाने ही पद्धत पुरातनच म्हटली पाहिजे. अलाहाबादेत जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्याच तुकडीतून पदवी घेऊन अमेरिकेत एमआयटीत गेलेले अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसृत केला, तेव्हा अर्पानेट नावाच्या प्रायोगिक जाळ्याला जोडलेले, घडणीने परस्परांहून भिन्न असे मोजके संगणक होते, आणि त्यांतील प्रत्येकाची रीत स्वतंत्रपणे न शिकता फाइलींची देवघेव करता यावी, एवढाच तिचा हेतू होता. तो हेतू उत्तम साधला. परंतु वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही उघड्या अक्षरांत रवाना करण्याची जी मुभा या पद्धतीत होती, ती एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या मंडळात निर्धोक असली, तरी पुढे जाळे विस्तारले तसे तेच तिचे मर्मस्थान ठरले.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी वाटेवरचे पासवर्ड टिपून घेत असल्याचे उघडकीस आले, आणि तेथीलच तातू युलोनेन या संशोधकाने सर्व संभाषण सांकेतिक स्वरूपात नेणारी ‘एसएसएच’ ही व्यवस्था रचली. एफटीपीचे दार, म्हणजे पोर्ट, २१ क्रमांकाचे, दूरच्या संगणकावर काम करण्याच्या टेलनेट या जुन्या पद्धतीचे २३ क्रमांकाचे; मधला २२ हा क्रमांक या नव्या व्यवस्थेने मागून घेतला. याच बंदोबस्तातून फाइली नेणारी पद्धत म्हणजे ‘एसएफटीपी’, आणि आज नव्याने आरंभ करणाऱ्याने, सर्व्हरच्या मालकाने ती उपलब्ध करून दिली असेल तर, तिचीच निवड करावी. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी तर २०२१ मध्ये जुन्या एफटीपीला आपल्या दारातून रजाच दिली.

सॉफ्टवेअरची निवड करताना फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालणारे फाइलझिला, केवळ विंडोजसाठी असलेले विनएससीपी, किंवा विंडोज आणि मॅक वापरणाऱ्यांचे सायबरडक, ही तिन्ही विनामूल्य मिळतात. मात्र ती त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरूनच घ्यावीत.

फाइलझिला उघडले, की पडद्याचे दोन भाग दिसतात: डावीकडे आपला संगणक, उजवीकडे दूरचा सर्व्हर. ‘साइट मॅनेजर’ या खिडकीत प्रोटोकॉल म्हणून एसएफटीपी निवडून सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड भरला, की जोडणी होण्यापूर्वी एक सूचना समोर येते. या सर्व्हरची किल्ली अपरिचित आहे, तो आपण समजता तोच संगणक आहे याची हमी नाही, असे सांगून ती किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरे आणि अंकांची एक लांबलचक ओळ, दाखवते. बहुतेक जण ती न वाचताच ‘ओके’ म्हणून मोकळे होतात. वास्तविक हीच घटका थांबण्याची असते: होस्टिंग कंपनीकडून तो ठसा मागवून अक्षरशः ताडून पाहावा, जुळला तरच संमती द्यावी; आणि रोजच्या परिचयाचा सर्व्हर एखाद्या दिवशी बदललेली किल्ली पुढे करू लागला, तर जोडणी तोडून प्रथम विचारणा करावी.

दुसरी सावधगिरी दिशेची. डावीकडच्या फाइलीवर दोनदा क्लिक केले की ती वर चढते, उजवीकडच्या फाइलीवर केले की ती खाली उतरते. त्या नावाची फाइल पलीकडे आधीच असेल, तर दोन्हींचे आकारमान आणि तारखा दाखवून सॉफ्टवेअर ‘ओव्हरराइट’ करण्याविषयी विचारते. सहकाऱ्याने काल दुरुस्त केलेले मुखपृष्ठ आपल्या गेल्या महिन्यातील प्रतीखाली कायमचे गाडले जाते, ते या तारखा न वाचल्यामुळे. सर्व्हरवरून पुसलेली फाइल तर बहुधा कोणत्याही ‘रिसायकल बिन’मध्ये सापडत नाही. चढवलेले चित्र पानावर दिसेनासे झाले, तर नावातील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे तपासावीत, कारण लिनक्स सर्व्हरला तो फरक कळतो. आणि कोणी वाचावे, कोणी लिहावे हे ठरवणाऱ्या अधिकारांचा आकडा फाइलींना ६४४ व फोल्डरांना ७५५ असा साधारण असतो, तो अडचण आली म्हणून ७७७ करणे म्हणजे त्या यंत्रावरील कोणालाही लेखणी देणे होय.

असे सॉफ्टवेअर म्हणजे पूर्ण अधिकारपत्र दिलेला मुखत्यारच. मालकाचा हुकूम शहाणपणाचा आहे की नाही, हे पाहणे त्याच्या कामात येत नाही. म्हणून शिकाऊ माणसाने पहिल्या दिवशी काहीही वर चढवू नये. सर्व्हरवरचे सारे दप्तर आपल्या संगणकावर उतरवून, तारीख घातलेल्या फोल्डरात ठेवावे, त्यांतील दोनचार फाइली उघडून त्या शाबूत आल्याची खात्री करावी, आणि मगच उजव्या बाजूला हात लावावा.