फटीतून निसटणारा जोर

जेट स्की दुरुस्तीला येते तेव्हा तक्रार बहुधा इंजिनाची असते. थ्रॉटल दाबला की इंजिन किंचाळतं, आरपीएमचा आकडा सरसर चढतो आणि गाडी मात्र क्लच घसरलेल्या स्कूटरसारखी जागच्या जागी रेंगाळते. मग प्लग बदलले जातात, पेट्रोल तपासलं जातं, कधी इंजिन उघडण्यापर्यंत मजल जाते. दुखणं पुष्कळदा निघतं पार मागच्या टोकाला, पंपात.

या यंत्राची रचना मला फार देखणी वाटते. तळाला एक जाळी असते. तिच्यातून पाणी आत बोगद्यात ओढलं जातं. बोगद्याच्या शेवटी इम्पेलर, म्हणजे फिरकीसारखी पाती असलेलं चाक. त्याच्याभोवती अगदी चिकटून बसलेलं कडं म्हणजे वेअर रिंग. मागे स्टेटर: त्याची पाती जागची हलत नाहीत, गिरक्या घेत आलेल्या पाण्याला ती सरळ करतात. शेवटी निमुळतं नोझल, तिथून पाण्याची धार मागे सुटते आणि गाडी पुढे जाते. इंजिन आणि इम्पेलर यांच्यामध्ये बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स नसतो. इंजिनाचे जितके फेरे तितकेच इम्पेलरचे. साडेपंधरा सेंटिमीटर व्यासाचा इम्पेलर मिनिटाला 7,500 फेरे घेऊ लागला की त्याच्या पात्याचं टोक ताशी सुमारे 220 किलोमीटर वेगाने पाणी कापत असतं. एवढ्या वेगात केसभर फटीलाही मोल येतं.

पाण्याच्या धारेवर नाव चालवण्याची कल्पना जुनी आहे, पण ती खऱ्या अर्थाने वापरात आणली न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी, 1950च्या दशकात. त्यांच्या भागातल्या नद्या उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. साधा पंखा लावलेली बोट तिथे टिकत नसे. धार पाण्याखाली सोडण्याऐवजी पाण्याच्या पातळीच्या वर सोडली आणि बोट सुसाट निघाली. 1960 साली त्यांच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढून गेल्या. पुढे अमेरिकन मोटरसायकल शर्यतपटू क्लेटन जेकबसन यांनी हेच तत्त्व एका माणसाच्या वाहनात आणलं आणि 1973मध्ये कावासाकीची जेट स्की बाजारात आली.

आता पंपाच्या दुखण्याकडे: कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात पोकळी तयार होणं. हे दुखणं पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, वाफेच्या जहाजांवर. अभियंते चार्ल्स पार्सन्स यांची टर्बिनिया ही बोट 1894मध्ये पाण्यात उतरली तेव्हा टर्बाइनची ताकद भरपूर होती, पण पंखा इतका वेगाने फिरे की त्याच्याभोवती पोकळी तयार होई आणि अपेक्षित वेग काही मिळेना. पार्सन्सनी 1895मध्ये एक छोटी बंद नळी बनवली, आतल्या पाण्यावरचा दाब उतरवला आणि लुकलुकत्या प्रकाशात ते बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग एका दांड्याचे तीन दांडे केले, प्रत्येकावर तीन पंखे चढवले. 1897मध्ये हीच टर्बिनिया 34 नॉटच्या वेगाने ब्रिटिश आरमाराच्या संचलनात घुसली.

पोकळी तयार होते ती अशी. पात्याच्या पाणी ओढणाऱ्या बाजूला दाब उतरतो. पाणी उकळायला उष्णताच लागते असं नाही. दाब पुरेसा उतरला तर ते थंड असतानाही उकळतं. आपल्या समुद्राचं पाणी 28-30 अंशांवर असतं, तिथे दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यावर आला की वाफेचे बुडबुडे सुटतात. पुढे दाब वाढला की ते मिटतात, आणि मिटताना धातूवर इतका नेमका घाव घालतात की काही काळाने पात्यावर बारीक खड्डे पडतात.

पण जेट स्कीचे लोक ज्या त्रासाला कॅव्हिटेशन म्हणतात, त्यात बराच वाटा दुसऱ्याच गोष्टीचा असतो: पंपात शिरणाऱ्या हवेचा. इम्पेलर पाणी ओढतो तेव्हा त्याच्यापुढच्या बोगद्यात दाब कमी असतो, आणि जिथे सांधा सैल असेल तिथून हवा आत येते. पात्यांना पाण्याऐवजी फेस मिळतो आणि ती मोकळीच फिरतात. सील लावणं हा या हवेवरचा इलाज आहे. झिजलेल्या वेअर रिंगवर तो चालत नाही, वाकलेल्या पात्यावर तर नाहीच. माझं ठाम मत आहे की दुखणं हवेचं की झिजेचं, हा निवाडा सिलिकॉनची नळी हातात घेण्याआधी व्हायला हवा. तो न झाल्यामुळे पैसा आणि दिवस दोन्ही वाया जातात.

निवाडा करणं अवघड नाही. जाळी काढा, टॉर्च मारा, पात्यांच्या कडा बोटाने चाचपून पाहा. त्याआधी इंजिन बंद, सुरक्षा दोरी काढलेली आणि बॅटरी सुटलेली हवी. यात सवलत नाही. मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन पात्याचं टोक आणि रिंग यांच्यातली फट मोजा. काही कंपन्यांची मर्यादा 0.35 मिलिमीटर आहे, काहींची 0.6. त्यापलीकडे गेली तर दाबाखालचं पाणी त्या फटीतून उलट मागे सरकतं आणि जोर तिथेच गळतो. रिंग बदलावी लागते. सी-डू या ब्रँडच्या बऱ्याच गाड्यांत ती प्लास्टिकची असते. वाळू, शंख, खडा आत गेला की तिच्यावर चरे उमटतात. पण अडकलेल्या खड्याची झीज महागड्या पात्याऐवजी या स्वस्त रिंगने सोसावी, अशीच ती योजना आहे.

फट ठीक असेल तर हवेचा माग काढायचा. पहिला संशय कार्बन सीलवर. ड्राइव्ह शाफ्ट गाडीच्या पोटातून बोगद्यात उतरतो तिथे कार्बनचं कडं स्टीलच्या कड्यावर घासत बसलेलं असतं आणि रबरी बेलो त्याला दाबून धरतो. बेलो थकला की दाब सुटतो. अशी गाडी थांबलेली असताना पोटात पाणी घेते आणि जोराने सुटताना पोटातली हवा पंपात ओढते. पोटात पाणी आणि सुटताना घसरण, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर सिलिकॉन बाजूला ठेवा आणि इथे पाहा.

दुसरी जागा पंप आणि हल, म्हणजे गाडीचं बाहेरचं कवच, यांचा सांधा. तिसरी, इनटेकची (पाणी आत घेणाऱ्या तोंडाची) कड आणि राईड प्लेटची, म्हणजे मागच्या तळाला बसवलेल्या पट्टीची, शिवण. गाडी वेगात पाण्यावर तरंगू लागली की मागचा भाग पृष्ठभागाजवळ येतो आणि इथली चीर हवा पिऊ लागते. उभ्याने चालवायच्या जुन्या गाड्यांत हा त्रास जास्त.

सील लावण्याच्या कामात नव्वद टक्के काम सफाईचं. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पात्याने पूर्ण खरवडायचं, अॅसिटोनने पुसायचं, फायबरग्लास हाताला कोरडा लागला पाहिजे. जो सांधा पुन्हा उघडावा लागणार, म्हणजे पंपाचा, तिथे मरीन सिलिकॉन. पॉलियुरेथेन सीलंटची पकड जवळजवळ कायमची. ते कधीच न उघडायच्या जागी लावायचं, नाहीतर पुढच्या वेळी पंपाबरोबर हलचा तुकडा निघतो. आतल्या बाजूला उंचवटा राहू द्यायचा नाही, कारण वाहत्या पाण्याला तो उंचवटाच नवे भोवरे देतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड करणारं पाणी पंपातूनच जातं. ओघळलेलं सीलंट त्या भोकात बसलं तर पंप सुधारेल आणि इंजिन तापेल. सी-डूच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत तर राईड प्लेटच कूलंट थंड करते, म्हणून ती सोडण्याआधी कूलंट काढावं लागतं. सिलिकॉन लावल्यावर पूर्ण एक दिवस थांबायचं. पॉलियुरेथेनला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. घाई केलेला सांधा पहिल्याच फेरीत उखडतो.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर हे सगळं जास्त लागू पडतं. इथे गाड्या लाटा फुटतात त्याच उथळ पट्ट्यात चालू केल्या जातात आणि प्रत्येक वेळी पंप पाण्याबरोबर वाळूही गिळतो. इनटेकखाली 60 ते 90 सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय थ्रॉटल देऊ नका, असं कंपन्यांच्या पुस्तिकाच सांगतात. गाडी ढकलत तेवढ्या पाण्यात न्यायला दोन माणसं आणि दोन मिनिटं लागतात. जून ते ऑगस्ट समुद्र बंद असतो, गाड्या शेडमध्ये उभ्या असतात. ज्यांचा हा धंदा आहे त्यांना माझी विनंती, या पावसाळ्यात पंप एकदा खाली उतरवा, फट मोजून वहीत लिहा, बेलो दाबून पाहा आणि मगच ठरवा की सीलंट आणायचं की रिंग.